भूल उतरल्यानंतरच्या तीस दिवसांची नोंद कोण ठेवणार?

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. सकाळी नौपाड्यात हर्निया, दुपारी कळव्यात सिझर, संध्याकाळी ऐरोलीत कुणाच्या तरी खुब्याचं ऑपरेशन, असा आमच्यापैकी बऱ्याच जणांचा दिवस जातो. रुग्णानं डोळे उघडले, नाव सांगितलं, हात दाबून दाखवला की बॅग उचलायची आणि पुढचं रुग्णालय गाठायचं. त्या माणसाचं पुढे काय झालं, हे आम्हाला सहसा कळत नाही. कुणी मुद्दाम लपवतं असं नाही. ते विचारायची आणि लिहून ठेवायची सोयच नाही. ती आपण करावी, एवढ्यासाठी हे पत्र.

सेवोफ्लुरेन, आयसोफ्लुरेन ही श्वासावाटे द्यायची भुलीची औषधं आज जवळपास प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत. ती सुरक्षित आहेत, आणि मी ती विश्वासानं वापरते. पण नातेवाईक विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं मला दुसऱ्या देशांच्या रुग्णांवरून द्यावी लागतात.

तान्ह्या बाळाची आई विचारते, ‘डॉक्टर, याच्या मेंदूवर काही परिणाम नाही ना होणार?’ तिला मी सांगू शकते. ऑस्ट्रेलिया, इटली, अमेरिका, ब्रिटन अशा सात देशांत हर्नियाच्या ऑपरेशनला आलेल्या 722 बाळांचा अभ्यास झाला. काहींना सेवोफ्लुरेन दिलं, काहींना जागेपणीच कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशन केलं. 2019 साली निष्कर्ष आला: तासाभराच्या आतली भूल असेल तर पाचव्या वर्षी दोन्ही गटांच्या बुद्धीत फरक नाही. ही मुलं पाच वर्षं कुणीतरी शोधत राहिलं, म्हणून आज मी एका आईला धीर देऊ शकते. भूल तीन तासांपेक्षा लांबली किंवा पुन्हा पुन्हा द्यावी लागली तर काय, हे मात्र तेवढ्या ठामपणे सांगता येत नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2016 मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नेमका याच बाबतीत इशारा दिला होता.

दुसरा प्रश्न जास्त वेळा येतो. आजी न्हाणीघरात पडतात, खुबा मोडतो, ऑपरेशन नीट होतं आणि दुसऱ्या रात्री त्या सलाइन उपटतात, मुलाला ओळखत नाहीत, केव्हाच वारलेल्या नवऱ्याला हाका मारतात. घरचे म्हणतात, भूल चढली. अमेरिका आणि कॅनडात 1600 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 2021 मध्ये आला. पूर्ण भूल दिलेली असो वा पाठीतलं इंजेक्शन, दोन्हींकडे साधारण पाचांतल्या एकाला असा भ्रम झाला. म्हणजे दोष एकट्या भुलीवर टाकता येत नाही. पण आपल्याकडची आजी आठवडाभर पैसे गोळा होईपर्यंत घरी पडून असते, तिला मधुमेह असतो, अंगात रक्त कमी असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आहेत. तिथला पाचांतला एक आपल्याकडे किती होतो? मला हे उत्तर हवं आहे, पण ते मी कुठून आणू?

आमचे कागद बघा. मोठ्या रुग्णालयात भुलीचा तक्ता असतो. दर पाच मिनिटांनी नाडीचा ठिपका, रक्तदाबाच्या वर-खाली दोन खुणा, खाली औषधाचं नाव आणि टक्केवारी. लहान नर्सिंग होमच्या फाइलमध्ये पुष्कळदा एकच ओळ सापडते: ‘जीए गिव्हन, अनइव्हेंटफुल’, म्हणजे पूर्ण भूल दिली, विशेष काही घडलं नाही. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी या औषधांची गरज साधारण 6 टक्क्यांनी घटते. ऐंशीच्या बाईंना चाळिशीतल्या बाईंइतका डोस दिला तर रक्तदाब कोसळू शकतो. भुलीच्या औषधाचं प्रमाण ठरवणारी डायल दोन टक्क्यांवर होती की एकवर, आणि रक्तदाब किती मिनिटं खाली राहिला, हे त्या एका ओळीत नसतं. जिथे तक्ता आहे, तिथेही तो फाइलला दोरी बांधून रेकॉर्ड रूममध्ये जातो.

आपल्याकडे हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं देशातल्या 11 केंद्रांत सुमारे 1600 स्त्रियांवर अभ्यास झाला. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिडोकेन टोचलं आणि पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेलं. ते स्वस्त, जुनं, बधिर करणारं औषध. त्याच टाटाचं संशोधन केंद्र इथे खारघरला आहे.

माझी मागणी अशी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून होणाऱ्या प्रत्येक ऑपरेशनचे कागद तसेही ऑनलाइन चढवावे लागतात. त्यात भुलीचं एक पान सक्तीचं करा: कोणतं औषध, किती वेळ, हिमोग्लोबिन किती, सर्वांत खाली गेलेला रक्तदाब किती. आणि तिसाव्या दिवशी आरोग्यमित्रानं, म्हणजे रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या माणसानं, घरी एक फोन करावा. माणूस जिवंत आहे का, चालतोय का, घरच्यांना ओळखतोय का, पुन्हा भरती करावं लागलं का. रुग्णाची संमती घ्यावी आणि अभ्यासाला कागद देताना नाव काढून टाकावं. यासाठी नवं यंत्र लागत नाही.

अडचण कुठे येईल, तेही सांगते. ठाण्याचं सिव्हिल आपल्या खात्याचं, कळव्याचं रुग्णालय ठाणे महापालिकेचं, वाशीचं नवी मुंबई महापालिकेचं. प्रत्येकाचा कागद वेगळा आणि साहेब वेगळा. खाडीच्या अलीकडची आजी पलीकडे भरती झाली की तिची जुनी फाइल हरवलीच म्हणून समजा. एकच नमुना तिन्हीकडे लागू करायचा तर आदेश मंत्रालयातूनच यायला हवा.

दुसरी अडचण आमच्या बाजूची आहे. हे आकडे उद्या आपल्यावरच कारवाईसाठी वापरले जातील, ही भीती डॉक्टरांना वाटणार, आणि ती खोटी नाही. भीतीपोटी लिहिलेला तक्ता नेहमी सुंदर असतो. त्यात रक्तदाब कधीच कोसळत नाही. म्हणून ही माहिती फक्त अभ्यासासाठी आहे, असं शासन निर्णयात स्पष्ट लिहा. तक्रार आणि चौकशीचे मार्ग आहेत ते तसेच राहू देत.

सुरुवात ठाणे जिल्ह्यापासून करा, आणि तीही फक्त साठीच्या पुढच्या खुब्याच्या ऑपरेशनांपासून. त्या पानाचा मसुदा मी करून देते. तिन्ही रुग्णालयांच्या भूल विभागप्रमुखांची एक बैठक आपण बोलवा. मी माझ्या केस बाजूला ठेवून येईन.

कळावे,
आपली विश्वासू,
ठाण्यातली एक भूलतज्ज्ञ