बीएस्सी करून काय होणार, ह्याचं उत्तर देणाऱ्या ताईला

ताई, हे फोनवर सांगायला गेलं की तू "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलतेस, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितीय.

नीटला मार्क कमी पडले तेव्हा भावकीत एकच चाललेलं, आता बायोलॉजी घेऊन करणार काय, मास्तरकीशिवाय मिळणार काय. तू तेव्हा शिवाजी युनिव्हर्सिटीत मायक्रोबायोलॉजीला एमएस्सी करत होतीस, सुट्टीला गावात आलेलीस, आणि माझ्याशी बोलायच्या आधी माझ्या वडिलांच्या, आबांच्या शेजारी जाऊन बसलीस, हे मला आजही भारी वाटतं. करिअरचं काहीच काढलं नाहीस, थेट म्हशीच्या दुधाला फॅट किती लागतंय ते विचारलंस! फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आबांना पाठ, पण दूध किती टिकणार ते कसं कळतं हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. मग तू सांगितलंस, दुधात मिथिलीन ब्लू घालून ३७ अंशाला ठेवायचं, जिवाणू जास्त असले की दुधातला ऑक्सिजन लवकर संपतो आणि निळा रंग लवकर उडतो, आणि ह्या टेस्ट करायला दुधाच्या प्लँटच्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी शिकलेली पोरंपोरीच लागतात. तिथनं साखर कारखाना, मळीचं अल्कोहोल करणारं यीस्ट, शेंड्याच्या बारीक तुकड्यापासून बाटलीत वाढवलेली उसाची रोपं. आबांचा जन्म उसात गेला, ते रोप लॅबमध्ये कोण करतं हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

आणि खरं सांगते, तू खोटी आशा लावली नाहीस म्हणून तुझं जास्त पटलं. नुसत्या बीएस्सीवर सुरुवातीचा पगार कमी असतो, हे आबांच्या तोंडावर बोललीस. पुढं जायचं तर तिसऱ्या वर्षाला जॅम ही प्रवेश परीक्षा दे म्हणजे आयआयटीत एमएस्सीचं दार उघडतं, रिसर्च करायचं असलं तर नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा (त्याला २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात), लवकर कमवायचं असलं तर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. आणि माझी मैत्रीण, जिला राधानगरीच्या जंगलाशिवाय काही सुचत नाही, तिला एमपीएससीतनं वनक्षेत्रपाल होता येतं हे पण तूच सांगितलंस, ती आता त्याच अभ्यासाला लागलीय.

मी तुझ्याच वाटेनं गेले. एमएस्सी झाली, आता दुधाच्या प्लँटमध्ये क्वालिटी कंट्रोलला आहे, तीच निळ्या रंगाची टेस्ट रोज लावते, आणि आबा घरी आलेल्या प्रत्येकाला ती समजावून सांगतात, ऑक्सिजनसकट.

मनापासून थँक्यू ताई. मोठ्या पगारापेक्षा मला एक गोष्ट जास्त मोलाची वाटते, माझं शिक्षण माझ्या वडिलांना कळलं.

धाकट्या काकांच्या पोरीनं यंदा अकरावीला बायोलॉजी घेतलंय, तिला तुझा नंबर दिलाय. रविवारी फोन करेल, काकांशी पण बोल.