झोहर मागाहून

प्रिय वंदू,

तुझ्या पत्रांना उत्तर नाही, आणि आता लिहितेय तेही मीनूमुळे. रागावू नकोस. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

मीनूने फोटो पाठवला. कबाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, शिकायची म्हणून मागवलेल्या पुस्तकांची चळत. वर झोहर या तिच्या मुख्य ग्रंथाच्या, डॅनियल मॅटने इंग्रजीत आणलेल्या प्रिट्झकर आवृत्तीचा पहिला खंड, मध्ये मॅदर्सचं 1887 चं ‘कबाला अनव्हेल्ड’, तळाशी टॅरोचं, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांचं, जाडजूड पुस्तक. ‘मावशी, थेट मूळ ग्रंथापासूनच सुरू करते.’ तुझीच पोर! अमृतानुभवाच्या वेळी तू अशीच भांडली होतीस, आधी ओवी, टीका मागाहून. नानांनी तुझीच बाजू घेतली होती, आणि तिथे तुझं बरोबर होतं, कारण ओवी आपल्या कानात होती. झोहरला हा न्याय लावला तर पोरगी महिन्याभरात पुस्तक मिटून ठेवेल, याचा मला घोर लागलाय.

झोहर 1280 च्या सुमारास स्पेनच्या कास्तिल प्रांतात पुढे आला. अरामी भाषेत, तोरावरचं, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवरचं, भाष्य. ज्याला तोरा पाठ आहे आणि दहा सफिरोत, म्हणजे अनंत देव प्रकट होतो ती दहा रूपं, तोंडपाठ आहेत त्याच्यासाठीच तो लिहिलाय. गंमत म्हणजे मुख्य भागात सफिरोत हा शब्द क्वचितच भेटतो. राजा, राणी, नदी, चंद्र, एवढंच. उत्पत्तीचं पहिलं वाक्य घे. प्रारंभी देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली. हिब्रूत क्रम ‘प्रारंभी, निर्मिलं, एलोहीम (देव)’ असा आहे. झोहर तोच क्रम धरून म्हणतो, ‘प्रारंभा’च्या योगे एलोहीमला निर्मिलं, आणि निर्मिणाऱ्याचं नावच नाही. प्रारंभ म्हणजे दुसरी सफिरा होखमा, एलोहीम म्हणजे तिसरी, बिना, आणि करणारा गुप्त. हे आधी माहीत नसेल तर ते पान नुसतं कोडं वाटतं. मॅटच्या तळटीपा उत्तमच आहेत, पण नवखा माणूस टीपांतच अडकतो.

मॅदर्सचं पुस्तक तर तिने बाजूलाच ठेवावं. ते सतराव्या शतकातल्या लॅटिनवरून केलेलं, आणि त्यात झोहरमधले सगळ्यात अवघड तुकडे आहेत. टॅरोचे 22 पत्ते आणि 22 हिब्रू अक्षरं यांची सांगड एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच गूढविद्यावाल्यांनी लोकप्रिय केली. अभ्यासायला तोही विषय आहे, पण वेगळा. आणि ‘अर्थ कळला नाही तरी ओळींवरून नजर फिरवा’ असं सांगून विकले जाणारे झोहरचे महागडे संच तिला घेऊ देऊ नकोस.

तिला सांग, आधी तुझ्या कपाटातलं मराठी बायबल काढ. उत्पत्ती 1 ते 3, यहेज्केल 1, सगळं गीतरत्न. मग पहिला इतिहास 29:11, तिथे मूळ हिब्रूत गदुला, गवुरा, तिफेरेत, नेत्साह, होद अशी सफिरोतांची पाच नावं ओळीने येतात. यातल्या गदुलेलाच पुढे हेसेद म्हणतात. दहाच्या दहा नावं एका कागदावर झाडासारखी स्वतःच्या हाताने काढायची आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवायची.

मग जोसेफ डॅनचं कबालाची ओळख करून देणारं छोटं पुस्तक (2006), दोन-तीन बैठकांत होतं. त्यानंतर आर्थर ग्रीनचं ‘अ गाइड टू द झोहर’ (2004), आणि शेजारी मॅटचं ‘इसेन्शियल कबाला’ (1995), रोज एक उतारा, जास्त नाही. गेर्शोम शोलेमचं 1941 चं ‘मेजर ट्रेंड्स’ घ्यायचंच, पण सलग वाचायचं नाही. नऊ व्याख्यानांतलं पहिलं, मग पाचवं-सहावं झोहरवरचं, सातवं सोळाव्या शतकातल्या इसहाक लुरिया या कबालावाल्यावरचं. दुसरं यहेज्केलच्या रथावरून निघालेल्या प्राचीन रथदर्शनावरचं आहे, बरेच जण तिथेच थांबतात. शोलेम म्हणतो, 1492 च्या स्पेनमधल्या ज्यूंच्या हद्दपारीच्या जखमेतून लुरियाची कबाला उमलली. त्याचा शब्द अखेरचा मानू नये म्हणून नंतर मोशे इदेलचं ‘कबाला: न्यू पर्स्पेक्टिव्ज’ (1988). तो हे मान्य करत नाही, आणि तेराव्या शतकातल्या अबुलाफियाच्या ध्यानमार्गाला मोठी जागा देतो. ‘सेफेर येत्सिरा’ या जुन्या ग्रंथावरचं आर्ये कॅप्लानचं पुस्तक त्याहीनंतर. मूळ मजकूर मोजक्या पानांचा, बाकी सगळं भाष्य, आणि त्याला सगळीकडे ध्यानच दिसतं. शिवाय त्या मूळ मजकुरातल्या सफिरोत वरच्या दहांसारख्या नाहीत, हे आधी बजाव.

मूळ ग्रंथाची तिची हौस झोहरच्याच काळातल्या गिकातिलाचं ‘गेट्स ऑफ लाइट’ भागवेल. एकेका सफिरेला एक प्रकरण, आणि सुरुवात सगळ्यात खालच्या मलखुतपासून, म्हणून पायरीपायरीने वर चढता येतं. ते झालं की झोहरचा तोच पहिला खंड उघडायचा. विकू नकोस म्हणावं.

चाळिशीआधी कबाला शिकू नये अशी अट आहे का, असं तू विचारलंस. 1756 मध्ये ब्रोडी गावच्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) झोहरला तीस आणि लुरियाच्या लेखनाला चाळीस वर्षांची अट घातली, शब्ताई झ्वी आणि याकोब फ्रँक या स्वयंघोषित मसीहांच्या प्रकरणांनी पोळल्यावर. लुरिया स्वतः अडतिसाव्या वर्षी गेला. मीनूला वयाची नाही, क्रमाची अट पुरे.

दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नवीन भाडेकरू कसे आहेत? फोटोतली टॅरो आणि मॅदर्सची पुस्तकं परत करता येत असतील तर तिने या आठवड्यातच करावीत, मुदत संपत आली असेल.

तुझी,
शुभा