हात नको बघूस, पाय बघ

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच पाण्याच्या टाकीचा नाहीतर पार्किंगचा विषय काढता. म्हणून हे चारचौघांत, लिहून.

रात्रपाळीहून आल्यावर झोप लागावी म्हणून मी हार्पचं, त्या उंच उभ्या तारवाद्याचं, ध्वनिमुद्रण लावायचे. 'मन शांत करणारं संगीत' म्हणून जे काही समोर येई ते. तुमच्याकडे त्यातलंच अजून काहीतरी मागायला आले होते. तुम्ही म्हणालात, "झोपायचं तर झोप. ऐकायचं असेल तर बस." आणि जर्मन संगीतकार लुई स्पोरची सी मायनरमधली हार्पची फँटसी लावलीत. त्यात ना परी, ना चांदणं. गंभीर, थांबत थांबत विचार करणारं काहीतरी. १८०७ सालची ही रचना, स्पोरने बायकोसाठी, डोरेटसाठी लिहिलेली. ती हार्प वाजवायची, तो व्हायोलिन. तारा सारख्या तुटू नयेत म्हणून तिची हार्प अर्धा स्वर उतरवून लावायची आणि दोघांच्या रचनांत तिचा भाग त्या हिशेबाने वेगळ्या पट्टीत लिहायचा, ही त्याची युक्ती तुम्ही इतकी रंगवून सांगितलीत की काकू आतून हसल्या.

माझ्या डोक्यात तोवर हार्प म्हणजे मोठं स्वरमंडळ. तुम्ही तिथेच अडवलंत. गवयाच्या मांडीवरचं स्वरमंडळ रागापुरतं जुळवलेलं. राग बदलला की पुन्हा खुंट्या पिळा. हार्पवर ते काम वाजवता वाजवता पाय करतात. सत्तेचाळीस तारा, सात पेडल, प्रत्येक पेडलला तीन खाचा: कोमल, शुद्ध, तीव्र. एक पेडल दाबलं की त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम बदलतात. डोरेटच्या काळच्या हार्पवर पेडलने तार अर्धा स्वरच चढायची. तीन खाचांची रचना वाद्यं बनवणाऱ्या सेबास्तियां एरारने १८१० मध्ये आणली. वहीच्या मागच्या पानावर तुम्ही क्रम काढून दिलात, डाव्या पायाला डी, सी, बी आणि उजव्याला इ, एफ, जी, ए. "हात नको बघूस, पाय बघ," म्हणालात. तेव्हापासून हार्पचा व्हिडिओ लावला की माझी नजर आधी खाली जाते, आणि कॅमेरावाला नेमके पाय दाखवत नाही तेव्हा चिडचिड होते.

त्याच पानावर एक ओळ आहे: 'कोमल म्हणजे मोकळी तार.' पेडल वरच्या खाचेत असताना तार पूर्ण लांबीने वाजते, म्हणून डी फ्लॅटसारख्या, म्हणजे कोमल डीच्या, पट्ट्या हार्पवर जास्त भरून येतात. संगीतकार लिस्टचं 'उन सोस्पिरो' मुळात पियानोचं, पण डी फ्लॅटमधलं. फ्रेंच हार्पवादक आंरिएत रेनिएने ते हार्पसाठी उतरवलं आणि ते या वाद्यावर उपरं वाटतच नाही. रेनिए लहान असताना तिचे पाय पेडलांपर्यंत पोचत नव्हते, म्हणून वडिलांनी पेडलांना जोड करून दिले. अकराव्या वर्षी पॅरिसच्या कॉन्झर्व्हातवारचं, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयाचं, पहिलं पारितोषिक! ही हकिगत मी आता ऑफिसात सगळ्यांना सांगते.

सर्वांत मोठं ऋण मात्र दुसरंच आहे. छेडलेली तार आपणहून गप्प बसत नाही, तिला तळव्याने गप्प करावं लागतं, हे तुम्ही दाखवेपर्यंत मला ऐकूच येत नव्हतं. एका स्वरसंगतीची शेपटी दुसरीत मिसळू द्यायची की कापायची, इथे चांगला वादक कळतो. स्पॅनिश हार्पवादक निकानोर सबालेताने खर्जाच्या तारा थांबवायला हार्पला आठवं पेडल बसवून घेतलं होतं, हे ऐकून मी त्याच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा काढल्या. मंद्रातल्या जागा किती स्वच्छ! तुलनेसाठी एकोणिसाव्या शतकातल्या हार्पवादक पॅरिश-अल्वार्सच्या रचना लावा, ज्याला संगीतकार बेर्लिओझ हार्पचा लिस्ट म्हणाला. तिथे स्वरांचा नुसता पूर असतो आणि तरी मधली चाल बुडत नाही.

एका बाबतीत मात्र माघार नाही. हासेलमान्सच्या 'ला सूर्स' (झरा) या हार्पच्या रचनेला तुम्ही नाक मुरडता, 'झुळझुळ' म्हणता. असू दे झुळझुळ. ज्याने रेनिए आणि सालझेदोसारख्या हार्पवादकांना शिकवलं, त्याला वाद्याच्या अंगाने काय सुखाचं लिहावं हे कळत होतं, आणि ऐकणाऱ्याला ते सुख लागतं.

फ्रेंच संगीतकार फोरेचं हार्पसाठीचं १९०४चं 'आंप्रोंप्त्यू' आता कळायला लागलंय, त्याचे सुरुवातीचे ठोस आघातसुद्धा. पण त्याचंच १९१८चं ते 'यून शातलेन' अजून हाती लागत नाही; फार थोड्या स्वरांत तो काय बोलतोय ते निसटतं. पुढच्या आठवड्यात माझी दिवसपाळी आहे. संध्याकाळी वही घेऊन वर येते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची