फराळाचा डबा आणि लडाखचा पत्ता

महोदय,

दिवाळीत साताऱ्याहून जवानांसाठी लडाखला फराळ जातो. त्यावर अनेकजण लेहचा पिन १९४१०१ टाकतात. तो मुलकी टपालाचा. जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, ‘मार्फत ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) आणि ९ ने सुरू होणारा लष्करी पिन एवढंच लिहावं. गावाचं नाव नको.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश. म्हणून चिवड्याची सीलबंद पिशवी टम्म फुगते, कधी शिवणीवर फाटते. पिशवीतली हवा आधी दाबून काढावी. लोणच्याचं तेल झाकणातून झिरपतं, ते न पाठवलेलंच बरं. हिवाळ्यात श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजी ला (‘ला’ म्हणजे खिंड) बर्फाने बंद होते. मनालीकडून ९.०२ किमीचा अटल बोगदा झाला खरा, पण तो रोहतांग खिंडीपुरताच. पुढच्या बारालाचा आणि तांगलांग ला या खिंडी उघड्यावरच आहेत.

‘लडाख म्हणजे बौद्धांचा प्रदेश’ हेही अर्धंच खरं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २,७४,२८९, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्यात मुस्लिम सुमारे ४६ टक्के, बौद्ध ४० च्या आसपास, कारगिल शियाबहुल. लेह जिल्ह्यात हजार पुरुषांमागे स्त्रिया फक्त ६९० दिसतात, कारण बाहेरून आलेले जवान आणि मजूर तिथेच मोजले जातात. नामग्याल राजांचं हे राज्य १८३४ मध्ये डोग्रा सेनानी जोरावरसिंगने जिंकलं. केंद्रशासित प्रदेश झाला ३१ ऑक्टोबर २०१९ ला.

– एक वाचक, सातारा