इंडोनेशियाच्या पहिल्या पंतप्रधानांचा विसर

मा. संपादक,

बांडुंग परिषदेचा, म्हणजे १९५५च्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेचा, विषय निघाला की आपल्याकडची चर्चा इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो आणि नेहरू यांच्यापुढे सरकत नाही. इंडोनेशियाचे पहिले पंतप्रधान सुतान शाहरीर यांचा साधा उल्लेखही होत नाही, याचे वाईट वाटते.

नोव्हेंबर १९४५ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी ते पंतप्रधान झाले. त्याआधी १९३४ ते १९४२ डचांनी त्यांना तुरुंगात, न्यू गिनीतल्या बोव्हेन दिगुलच्या जंगलातील छावणीत आणि मग बांदा नैरा बेटावर डांबले होते. १९४२ मध्ये जपानने इंडोनेशिया व्यापल्यावर सुकार्नो आणि त्यांचे सहकारी नेते हट्टा यांनी जपान्यांशी जुळवून घेतले, शाहरीर यांनी नाही. स्वातंत्र्याच्या ऐन धामधुमीत त्यांनी पुस्तिका लिहिली आणि चिनी, युरेशियन (मिश्र युरोपीय वंशाचे), अंबोनी (अंबोन बेटाचे) लोकांचा द्वेष पसरवणाऱ्यांना खडसावले. जमाव आपल्याच बाजूचा असताना असे बोलायला छाती लागते.

त्याच दिवसांत जावा बेटावरील सुराबाया शहरात ब्रिटिशांनी इंडोनेशियनांविरुद्ध जे सैन्य उतरवले, त्यात आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. तरीही १९४६ मध्ये भारतावर अन्नटंचाई ओढवली तेव्हा शाहरीर यांनी पाच लाख टन तांदूळ देऊ केला आणि बदल्यात कापडासारख्या गरजेच्या वस्तू मागितल्या. डचांनी समुद्र अडवलेला असताना! ही गोष्ट निदान मराठी वाचकांना ठाऊक असायला हवी.

डचांशी लिंगरजाती या गावी तडजोडीचा करार केला म्हणून घरचेच लोक उलटले आणि जून १९४७ मध्ये त्यांनी पद सोडले. पुढच्याच महिन्यात डचांनी हल्ला चढवला. बिजू पटनायक यांनी जीव धोक्यात घालून त्यांना डाकोटा विमानातून बाहेर काढले. ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेपुढे इंडोनेशियाची बाजू मांडायला शाहरीरच उभे होते.

१९५५च्या निवडणुकीत त्यांच्या समाजवादी पक्षाला अवघ्या पाच जागा मिळाल्या. १९६० मध्ये पक्षावर बंदी आली. १९६२ मध्ये सुकार्नोंच्या सरकारने त्यांना अटक केली. खटला कधी चाललाच नाही. कैदेत पक्षाघात झाल्यावर उपचारांसाठी झुरिकला जाऊ दिले आणि ९ एप्रिल १९६६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. ज्या सुकार्नोंनी कोठडीत टाकले, त्यांनीच त्या दिवशी त्यांना ‘राष्ट्रवीर’ घोषित केले. हे वाचताना संताप येतो.

येत्या ९ एप्रिलला आपल्या दैनिकाने शाहरीर यांच्यावर सविस्तर लेख छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली