त्या एका प्रश्नासाठी

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आपण माझे शिफारसपत्र पाठवल्याला बरेच दिवस झाले, प्रवेश मिळाला, वर्गही सुरू झाले आणि आभाराचे पत्र मात्र मी आज लिहिते आहे, याचा संकोच वाटतो. यापूर्वी दोनदा लिहायला बसले होते. दोन्ही वेळा ‘आपल्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल’ अशी सुरुवात झाली आणि दोन्ही वेळा मीच ती खोडली, कारण ज्यांनी माझ्यासाठी काहीच केले नव्हते त्यांचेही आभार मी नेमक्या याच शब्दांत मानले होते.

आपल्याकडे येण्याआधी मी दोन दारे ठोठावून आले होते, हे तेव्हा बोलले नव्हते. पहिल्या प्राध्यापकांनी मोठ्या उत्साहाने होकार दिला आणि नंतर माझ्या एकाही ईमेलला उत्तर दिले नाही. मुदतीच्या शेवटच्या रात्रीपर्यंत माझ्या अर्जात त्यांच्या पत्राची जागा रिकामीच होती. दुसऱ्यांनी मान वर न करता सांगितले, ‘मसुदा तूच करून आण, मी सही करतो.’ असे सर्रास चालते, त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काय आहे, अशी मैत्रिणींनी समजूत घातली, म्हणून मी लिहायला घेतलेही. पण दुसऱ्याच्या नावाने स्वतःविषयी ‘सदर विद्यार्थिनी अत्यंत प्रामाणिक आहे’ हे वाक्य पूर्ण करताना आधी हसू आले, आणि मग पुढे काही सुचेना.

त्यामुळे आपल्याकडे आले ती नकार ऐकायच्या तयारीनेच. घरातल्या आजारपणात माझे एक सत्र वाया गेले होते, दोन विषय राहिले होते आणि गुणपत्रकात ते कुणालाही दिसावे असेच होते. आपण लगेच हो म्हणाला नाहीत. माझा प्रकल्प अहवाल मागून घेतलात, मला पुढे नेमके काय शिकायचे आहे ते विचारलेत, आणि संख्याशास्त्रातल्या माझ्या तयारीविषयी आपल्याला खात्रीने लिहिता येणार नाही, ते दुसऱ्या कुणाकडून यावे, हेही तेव्हाच स्पष्ट सांगितलेत. मग हातातले पेन खाली ठेवून म्हणालात, ‘त्या सत्राविषयी मी पत्रात लिहिलेले तुला चालेल का? लिहिले तर तुझी बाजू नीट मांडता येईल, असे मला वाटते. पण ती गोष्ट तुझी आहे. तू नको म्हणालीस, तर त्यातले एक अक्षरही येणार नाही.’

सर, त्या सत्राविषयी मला तोवर अनेकांनी विचारले होते. काहींनी जाब विचारावा तसे, काहींनी कीव करत. ती गोष्ट माझी आहे आणि ती सांगायची की नाही हे मी ठरवायचे आहे, असे मात्र कुणाच्या मनातही आले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याही नाही. मी एक दिवस मागितला, आपण ‘दोन दिवस घे’ म्हणालात. जिना उतरताना पत्र मिळेल की नाही याची काळजी उरली नव्हती, हे आज आठवले तरी नवल वाटते. दोन दिवसांनी मी ‘लिहा’ एवढेच कळवले.

शिफारस करणारा माणूस आपला शब्द दुसऱ्यासाठी पणाला लावत असतो, म्हणून ती करायलाच हवी असा कुणाचा कुणावर हक्क नाही, हे मला कळते. पहिल्याच दिवशी कुणी ‘मला जमणार नाही’ म्हटले असते, तर मी त्यांचेही मनापासून आभार मानले असते. वेळेवर दिलेल्या नकारात समोरच्याच्या वेळेची कदर असते. सगळ्यांनाच ‘सर्वोत्तम’ ठरवणारी पत्रे निवड समितीला ढिगाने वाचावी लागतात, आणि पत्र लिहिणाऱ्याने त्या विद्यार्थ्याकडे खरोखर पाहिले होते की नाही, हे त्यांना दोन ओळींतच उमगत असणार.

पत्र वाचण्याचा हक्क मी अर्ज करतानाच सोडला होता, त्यामुळे आपण काय लिहिलेत ते मला ठाऊक नाही. मुलाखतीत मात्र एकीने विचारले, ‘आकडेमोडीतली चूक कुणाच्याही लक्षात आली नव्हती, तरी अहवाल परत मागून सगळे तक्ते नव्याने का केलेस?’ हे मी अर्जात कुठेच लिहिले नव्हते. उत्तर देताना माझा आवाज थोडा कापला. वाया गेलेल्या सत्राविषयी कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

अहवालाची ती प्रत अजून आपल्याकडेच आहे. सुट्टीत न्यायला येईन, तेव्हा संख्याशास्त्रात काय प्रगती झाली तेही सांगेन.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी