सीडी पुसून परत करणाऱ्या सभासदांसाठी

संग्रहातून नेलेल्या सीडी जरूर पुसा, पण गोल गोल नको. माहिती चक्राकार मार्गावर असते. त्याच दिशेने ओरखडा गेला की सलग भाग बुजतो आणि प्लेअरला तो भरून काढता येत नाही. म्हणून मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ पुसायचं. (जुन्या तबकड्या सांभाळलेल्यांनी हात आवरावा, तिथली रीत उलटी!)

कापड मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचं घ्या. तेलकट ठसे असतील तर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब पुरतो. मग स्वच्छ पाण्याने धुऊन, टिपून सावलीत वाळवा. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. सीडीचं प्लॅस्टिक (पॉलिकार्बोनेट) पांढुरकं पडतं. टूथपेस्टचा प्रयोग स्वतःच्या सीडीवर करा, संग्रहाच्या नको.

छापील बाजू जास्त जपा. चमकत्या बाजूला १.२ मिमी प्लॅस्टिकचं कवच आहे, पण छपाईखाली लॅकरचा पातळ पापुद्रा आणि लगेच ॲल्युमिनियमचा थर. तिथे बॉलपेनही नको. ब्लू-रेत मात्र माहिती चमकत्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिमीवर असते.

अडखळणारी सीडी तशीच परत द्या. चिठ्ठी डबीवर लावा, सीडीवर नाही.